पिवळ्या गाडीचं दावं

भूषण उपाशी पोटी आणि भरल्या मनानं गाडी पाहायला निघाला, तिथंच निम्मा सौदा निकेशच्या बाजूनं झाला होता. सानगडीत धानाची गिरणी चालवणारा हा शहाणा माणूस मोबाईलवर त्या पिवळ्या गाडीचे फोटो पाहून पाहून झोपेतही गिअर बदलू लागला होता. गाडी परदेशी, दोन दारांची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. आधी ती मुंबईत कुणा बिल्डरकडे होती, आता पवनीच्या निकेशनं विकायला आणली होती.

नवी असती तर भूषणनं तिचं नावही काढलं नसतं. जुनी म्हणून आवाक्यात आली, तीही साकोलीच्या हायवेवरचा प्लॉट विकल्यावर. त्या प्लॉटवर त्याच्या बायकोला, स्वातीला, घर बांधायचं होतं. लग्नसराईत नवरदेव रांग लावतील, भाड्यातूनच गाडीचे पैसे वसूल होतील, असं भूषणनं तिला पटवलं होतं. तिला ते कितपत पटलं कोण जाणे. निघताना ती एवढंच म्हणाली, "घ्यायची तर घ्या. पण फसून येऊ नका. आपल्यापाशी दुसरा प्लॉट नाही."

सोबत वडील होते, गोपाळराव. गाडीतलं त्यांना काही कळत नव्हतं, पण शंकरपटात, बैलजोड्यांच्या शर्यतीत, त्यांनी उमर घालवली होती. त्या लोकांचा एक कायदा आहे. बैलाचं दावं घेणाऱ्यानं हातात घेतलं की सौदा झाला. त्यानंतर दात पाहायचे नाहीत, चालवून पाहायचं नाही, आणि परत करणं तर विचारातही आणायचं नाही. गोपाळरावांनी एकदा असाच एक पायानं अधू बैल घेतला होता. घरी आणल्यावर कळलं, तरी तो मरेपर्यंत पोसला. तेव्हापासून पवनीपासून बपेऱ्यापर्यंत त्यांच्या शब्दाला कागद लागत नव्हता.

निकेशच्या अंगणात गाडी झाडाच्या सावलीतही झळाळत होती. भूषणचं काळीजच हललं. फोटोत दिसली त्याहून ती देखणी होती, आणि तिच्यापुढे आपण किती येडे दिसत असू हेही त्याला जाणवलं. ओसरीवर निकेशचे मामा केवळराम बसले होते, पटाचे जुने शौकीन. त्यांनी गोपाळरावांना रामराम केला.

गोपाळराव थेट गाडीच्या तोंडाशी गेले आणि तिथं तळवा ठेवला. निकेश हसला. "काकाजी, हिचं इंजिन मागं आहे." गोपाळराव जराही न लाजता मागं गेले, तिथं तळवा ठेवला आणि भूषणकडे पाहिलं.

भूषणनंही हात लावून पाहिला. तापलेलं होतं. लंगडा बैल विकायला काढणारा त्याला पहाटेच चालवून आणतो, हे तो लहानपणापासून पाहत आला होता. आखडलेला पाय मोकळा होतो आणि गिऱ्हाईकासमोर बैल झोकात चालतो. म्हणून त्यांच्या घरी बैल पाहायचा तो गोठ्यात बसलेला, उठताना.

त्यानं विचारलं तेव्हा निकेश म्हणाला, धुवायला नेली होती, आताच आणली. भूषण म्हणाला, मग थंड होऊ द्या, नंतर चालू करू. निकेशला ते रुचलं नाही. गोंदियाचं गिऱ्हाईक निघालंय, ते काही थांबायचं नाही, असं त्यानं दोनदा ऐकवलं. मग एकदम त्यानं खिशातून चावी काढली आणि दोन्ही हातांनी, वाकून, गोपाळरावांपुढे धरली. "काकाजी, पहिले तुम्हीच बसून पाहा."

मानानं दिलेलं मानानं घ्यायचं, ही म्हाताऱ्याची जन्माची सवय. त्यांनी चावी घेतली.

"झालं मग," निकेश म्हणाला. "दावं हाती आलं तुमच्या. मामा सांगतेत, गोपाळरावांनी दावं धरलं की सौदा पक्का."

केवळरामांनी मान खाली घातली. गोपाळरावांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांची मूठ उघडेना. ते खुर्चीवर बसले, चावी मुठीत, मूठ मांडीवर.

भूषणला निकेशचा असा संताप आला की हात उचलावासा वाटला. पण हात उचलून मूठ थोडीच उघडणार होती? चावी मागितली, तर चार माणसांत बापाचा शब्द मोडला. न मागितली, तर स्वातीचं घर गेलं. आणि खरं सांगायचं तर तिसरंही एक होतं. बापाच्या शब्दाआड लपून गाडी घरी नेता आली असती, आणि दोष कुणीच त्याला दिला नसता. हे मनात आलं तेव्हा त्याची त्यालाच लाज वाटली.

चहा आला, कपातच निवला. निकेशचा फोन वाजत राहिला. भूषण मध्येच उठे, इंजिनावर हात ठेवी आणि परत येऊन बसे. शेवटी लोखंड हाताला गार लागलं.

तो वडिलांसमोर उकिडवा बसला. "बाबूजी, चावी द्या."

गोपाळराव हलले नाहीत. भूषणनं त्यांची मूठ हातात घेतली. उभ्या जन्मात त्यानं या हाताला जोर लावला नव्हता, आणि आज लावावा लागेल म्हणून त्याचे डोळे भरून आले. पण बोटं आपसूक सैल झाली. चावी घामानं ओली होती.

त्यानं गाडी चालू केली. आधी इंजिन नुसतंच खोकलं. मग आतून हातोडी मारल्यासारखा ठक ठक आवाज सुरू झाला आणि मागून निळसर धूर निघाला. निकेश धावत आला. थंड असली की असं होतंच, गरम झाली की आवाज बंद होतो, म्हणाला. भूषण उतरला आणि चावी त्यानं पिवळ्या टपावर ठेवून दिली.

"काकाजी, दावं परत करून राहिले तुम्ही?" निकेश मोठ्यानं म्हणाला. रस्त्यावरचे दोघं-तिघं थांबून पाहू लागले.

गोपाळराव उठले. निकेशकडे त्यांनी पाहिलंही नाही. केवळरामांना म्हणाले, "केवळराम, पटावर सांगजा. गोपाळच्या हातून दावं सुटलं. आता आमच्या घरचं दावं भूषण धरते. सौदा त्याले विचारून करा."

केवळराम उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. गोपाळरावांना नाही, भूषणला.

दोघं परतीच्या वाटेला लागले. भूषणला वाटत होतं, बाप आता कधीच पटावर जाणार नाही. त्यानं माफी मागायला तोंड उघडलं.

"गाडी मस्त होती रे," गोपाळराव खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "मलेही पाहिजे होती."