मागची सीट

“तुम्ही एकदाचं ठरवा बघू,” दुकानदारीणबाई म्हणाल्या. “एकटे जाणार की जोडीनं? तिथंच तर सगळं घोडं अडलंय.”

लिफ्टवाले काउंटरवर दोन्ही हात टेकून उभे होते. समोर एक लांबट काळी बॅग होती आणि तिच्याशेजारी पत्र्याच्या दोन चौकोनी पेट्या. बॅग मोटारसायकलच्या मागच्या सीटवर आडवी टाकून पट्ट्यांनी आवळायची. पेट्या मागच्या चाकाच्या दोन बाजूंना लोखंडी फ्रेमवर बसवायच्या, म्हणजे सीट मोकळी राहते. बॅग घेतली तर एकट्यानं जायचं, पेट्या घेतल्या तर दोघांनी. प्रश्न इतका सरळ होता आणि त्यासाठी लिफ्टवाले रिटायर झाल्यापासून या दुकानाचा उंबरठा झिजवत होते.

“तिनं अजून हो म्हटलेलं नाही,” ते म्हणाले.

“मग नाही म्हटलंय का?”

“नाहीही म्हटलेलं नाही.”

“म्हणतात तरी काय?”

“‘बघू’ म्हणते.”

दुकानदारीणबाई हसल्या. छताला टांगलेल्या हेल्मेटांखाली बसून त्यांनी असे पुष्कळ नवरे पाहिले असणार. “त्यांनाच घेऊन या की एकदा. गाडीवर बसवून बघू, पेट्या कुठं लागतात का ते.”

“ती कुठली येतेय! तिला वेळ नसतो.”

वाक्य तोंडातून गेलं आणि लिफ्टवाल्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. ते नुसतं सवयीनं आलं होतं. त्यांची आई वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली होती, तेव्हा लग्नाचं आमंत्रण असो की कुणाचं बारसं, त्यांचं हेच उत्तर ठरलेलं असे. आता आई जाऊन बरेच दिवस झाले होते. बायकोला आता वेळच वेळ होता.

“गाडीवर बसायची सवय तरी आहे ना? लांबचा पल्ला आहे म्हणून विचारते.”

“लग्न झाल्यापासून बसतेय की!”

“बसतात कशा?”

“व्यवस्थित बसते,” लिफ्टवाले जरा घुश्श्यातच म्हणाले. दुकानदारीणबाईंनी खांदे उडवले. गिऱ्हाईकाशी वाद घालून आजवर कुणाचं दुकान चाललंय?

लिफ्टवाल्यांनी आयुष्यभर लिफ्टा दुरुस्त केल्या. ऑफिसांच्या, दवाखान्यांच्या, उंच उंच बिल्डिंगांच्या. त्यांना नाव होतं, पण ते पगाराच्या दिवशीच कुणाला तरी आठवायचं; एरवी सगळं जग त्यांना लिफ्टवाले म्हणूनच ओळखत होतं. वर-खाली, वर-खाली. इतकी वर्षं प्रवास केला, पण पुढं म्हणून कधी गेलेच नाहीत, असं ते स्वतःच चेष्टेनं म्हणायचे. म्हणून त्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी बायकोला सांगून टाकलं होतं, की एकदा ही मोटारसायकल काढायची, डोंगर ओलांडायचे आणि रस्ता संपेल तिथपर्यंत जायचं, समुद्रापर्यंत. ती तेव्हाही ‘बघू’च म्हणाली होती. तेव्हाच्या ‘बघू’त हसू होतं, एवढाच काय तो फरक.

आणि पेट्यांचा एवढा सोस कशासाठी, तर त्यालाही कारण होतं. बायको मागं बसली आणि तिची मांडी रिकामी आहे, असं त्यांना एकदाही आठवत नव्हतं. आधी मांडीवर लेक असायची. मग लेकीचं दप्तर, किराणा, शिलाईचं मशीन दुरुस्तीला न्यायचं तेव्हा ते मशीन. मग सासूबाईंची औषधं, पावडरचे डबे, आणि एकदा तर हवेचं अख्खं अंथरूण. ते वाऱ्यानं फुगू नये म्हणून ती सबंध रस्ताभर त्याला मिठी मारून बसली होती. हे सगळं लिफ्टवाल्यांच्या पाठीला टोचायचं, पण ओझं तिच्या मांडीवर असायचं. या खेपेला तिच्या मांडीवर रुमालसुद्धा नको, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

“पेट्या द्या,” ते म्हणाले.

घरी आले तेव्हा बायको आतल्या खोलीत आडवी झाली होती. पंखा चालू, पडदा ओढलेला, डोळे उघडे.

“झोप लागली होती का?”

“झोप कुठली,” ती म्हणाली. “नुसती पाठ टेकली होती.”

तिची झोपच उडाली होती. सासूबाईंना पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर थोड्या वेळानं कूस बदलायला लागायची, दिवसा आणि रात्रीसुद्धा. ते काम ती करायची. लिफ्टवाले उठायला लागले की म्हणायची, “तुम्ही झोपा, उद्या ड्यूटी आहे.” आणि लिफ्टवाले झोपायचे, कारण खरंच ड्यूटी असायची, आणि झोप लागतही असे. आता कूस बदलायला कुणी उरलं नव्हतं. पण डोळा लागतो न लागतो तोच ती दचकून उठायची. कधी पुढच्या खोलीत जाऊन रिकाम्या कॉटच्या दांडीला हात लावून परत यायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण त्या गोळ्यांनी फक्त तोंडाला कोरड पडली. “आईला चेंज हवाय, बाबा,” लेक फोनवर म्हणाली होती. “तुम्ही तिला फिरवून आणाच.” लिफ्टवाल्यांना तर तेच हवं होतं. लेकीच्या तोंडून ऐकल्यावर त्यांना अंगात बळ आल्यासारखं झालं.

“पेट्या आणल्या,” त्यांनी दारातूनच सांगितलं. “दोघांच्या मापाच्या.”

ती उठून बसली. पेट्यांकडं तिनं बराच वेळ पाहिलं. त्यात काय काय मावेल याचा हिशेब ती करतेय, असं लिफ्टवाल्यांना वाटलं आणि ते खूश झाले.

“चांगल्या आहेत,” ती म्हणाली. “चहा टाकू?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगणात गाडी काढली, पाने मांडले आणि कामाला लागले. यंत्राला हात लागला की लिफ्टवाल्यांना जगाचा विसर पडायचा. उजवीकडची फ्रेम बसली. डावीकडं मात्र एक आडवी पट्टी मध्ये येत होती. चार बोटं रुंद, मागच्या चाकाच्या आसापाशी, बाजूला निघालेली. तिचे दोन बोल्ट गंजून घट्ट झाले होते. त्यांनी तेल सोडलं, पान्यावर सगळा भार टाकला, घाम पुसला आणि बोल्ट सोडवून पट्टी काढून भिंतीपाशी ठेवली. मग फ्रेम कशी अलगद बसली! दोन्ही पेट्या चढवून ते चार पावलं मागं झाले. गाडी रुबाबदार दिसत होती. लांबच्या प्रवासाला निघालेली वाटत होती.

“अगं, ये बाहेर! बसून बघ.”

ती हात पुसत आली. लिफ्टवाले गाडीवर बसले, दोन्ही पाय जमिनीला टेकवले आणि समोर बघत थांबले. ही त्यांची नेहमीची रीत. मागची स्प्रिंग दबायची, ते विचारायचे, “बसलीस?” आणि मागून यायचं, “हं, चला.” ती बसताना कशी दिसते हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. पाहणार कसे? त्यांचं तोंड नेहमी पुढंच असायचं.

स्प्रिंग दबेना.

“बसलीस?”

“अहो, पाय कुठं ठेवू?”

लिफ्टवाल्यांनी मान वळवली. बायको डाव्या बाजूला उभी होती आणि तिच्यासमोर पत्र्याची पेटी होती, तिच्या गुडघ्याच्या उंचीची. ती कायम एका बाजूनं बसायची. दोन्ही पाय डावीकडं सोडून. उजवा हात त्यांच्या खांद्यावर. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण गेले कित्येक दिवस ते तिच्यासाठी सीट मोकळी ठेवत होते आणि तिचे पाय मात्र त्यांना एकदाही आठवले नव्हते.

“थांबा, पलीकडं टाकून बघते,” ती म्हणाली. तिनं त्यांच्या खांद्याला धरलं, पाय उचलला. पेटीपर्यंत उचलला. तिथून वर तो जाईना. सासूबाईंना उचलून उचलून तिचा तो गुडघा कामातून गेला होता. तिनं पुन्हा एकदा प्रयत्न केला. मग पाय खाली ठेवला आणि तिथंच पायरीवर बसली. पहिल्यांदा ती हसली. मग हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिनं पुसलंही नाही.

“लागलं का कुठं?”

“नाही हो.”

लिफ्टवाले उतरले. भिंतीपाशी ठेवलेली पट्टी त्यांनी उचलली. पट्टीवरच्या खाचा मध्ये पार गुळगुळीत झाल्या होत्या. दोन टाचांएवढी जागा चकाकत होती. मघाशी ती काढताना त्यांना गंज दिसला होता, हे नव्हतं दिसलं.

“मी बदलून आणतो पेट्या. पातळ मिळतात का विचारतो. नाहीतर कापडी बॅगा...”

“अहो,” ती म्हणाली, “मला तिकडं जायचंच नव्हतं.”

त्यांनी पट्टी खाली ठेवली.

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही एवढ्या हौसेनं करत होतात. माणसाची हौस कशी मोडायची? म्हटलं बघू, होईल तोवर अंगात येईल थोडी उभारी. पण येतच नाही हो. मला समुद्र नको, डोंगर नको. कुणी विचारतं काय हवंय, तर मला काही सुचतच नाही. मला नुसतं झोपायचंय. मी फार दमलेय.”

इतक्या वर्षांत ‘दमले’ हा शब्द तिच्या तोंडून त्यांनी ऐकला नव्हता. त्यांना वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. रस्ता संपेल तिथला तो समुद्र त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवला होता. पण राग धरायलाही हक्क लागतो. त्यांची आई होती ती, आणि कूस हिनं बदलली होती.

“तुम्ही जा,” ती म्हणाली. “ती काळी बॅग घ्या सीटवर टाकायला. खरंच जा. मी राहीन.”

लिफ्टवाल्यांनी खाली बसून डावीकडची पेटी उतरवली, मागोमाग फ्रेमही काढली. पट्टी जागेवर धरून दोन्ही बोल्ट पुन्हा आवळले. उजवीकडची पेटी तशीच राहू दिली.

“एकच पेटी? गाडी कलंडेल ना.”

“नाही कलंडत. तू इकडं, ती तिकडं. लिफ्टला नसतं का दुसऱ्या बाजूला वजन? तसंच.”

“म्हणजे मी लिफ्ट?”

“बस आता. कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ.”

स्प्रिंग दबली.

“बसलीस?”

“हं, चला.”

कोपरा आला आणि गेला. सुट्टीचा दिवस होता, रस्त्याला गर्दी नव्हती. गोदामं मागं पडली, पाण्याची टाकी मागं पडली. लिफ्टवाले गाडी हळू चालवत होते. त्यांच्या पाठीला काहीही टोचत नव्हतं. बायकोचा उजवा हात त्यांच्या खांद्यावर होता, पण डाव्या हाताचं काय करावं हे तिला कळत नसावं. तो कधी सीटची कड धरायचा, कधी नुसताच मांडीवर पडायचा. शेवटी तो त्यांच्या कमरेशी आला आणि तिथंच राहिला.

मग त्यांच्या पाठीवर तिचं डोकं टेकलं. आधी वाटलं, वारा लागतोय म्हणून टेकलं असेल. पण भार वाढत गेला. खांद्यावरचा हात सैल होऊन घसरला. मागं बसणाऱ्या या बाईला ते नजरेनं नाही, भारानं ओळखत होते. आणि तिचा असा भार त्यांना पूर्वी कधीच लागला नव्हता. तिला झोप लागली होती.

लिफ्टवाल्यांनी वेग उतरवला, जराही धक्का न बसू देता गाडी रस्त्याच्या कडेला एका झाडाच्या सावलीत घेतली, न्यूट्रलला टाकली आणि दोन्ही पाय जमिनीवर रोवले. कमरेवरचा तिचा हात डाव्या हातानं घट्ट धरला. इंजिन मात्र बंद केलं नाही. लिफ्ट चालू असते तोवर माणसं डुलक्या घेतात आणि थांबली की खडबडून जागी होतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. इंजिन फटफटत राहिलं. पेट्रोल जळत होतं, जळू दे म्हणाले.

सावली त्यांच्यावरून सरकून गेली आणि ऊन आलं. मांड्या थरथरायला लागल्या, पोटऱ्यांना कळा आल्या. एक सायकलवाला थांबला.

“काय काका, काही अडलंय का? मदत करू?”

लिफ्टवाल्यांनी ओठांवर बोट ठेवलं. सायकलवाल्यानं वाकून मागं पाहिलं, मान डोलावली आणि थोडं अंतर सायकल हातात धरून चालत गेला.

रस्ता समोर सरळ गेला होता. लांबवर डोंगरांची फिकट रेघ दिसत होती. लिफ्टवाल्यांनी त्या रेघेकडं एकदा नीट पाहून घेतलं आणि मग नजर खाली, स्वतःच्या बुटांकडं वळवली. उजवीकडच्या पेटीत काहीच नव्हतं. बायकोच्या भाराचा समतोल त्यांनाच पायांनी सांभाळावा लागत होता.

बऱ्याच वेळानं पाठीवरचं डोकं किंचित हललं.

“आलं का हो?” तिनं झोपेतच विचारलं.

“नाही अजून,” ते म्हणाले. “खूप लांब आहे. झोप तू.”

डोकं पुन्हा टेकलं. लिफ्टवाल्यांनी उजवा पाय जरा सरकवला आणि पुन्हा घट्ट रोवला.