वाकायचं किती

बावीस वर्षं मी या कारखान्यात कॉलरी शिवतेय. शर्ट कुणाचाही असो, त्याची मान ताठ राहते ती माझ्या शिवणीमुळे. आणि परवा आलेला मॅनेजर मला नमस्कार शिकवणार.

आल्या आल्या त्याने भिंतीवर कागद चिकटवला. साहेब आत आले की मशीन थांबवून उभं राहायचं आणि वाकून नमस्कार करायचा. हा गडी दिवसातून सहा फेऱ्या मारणार. सहा वेळा शिवण तुटणार, वर माल कमी निघाला म्हणून बोलणी आम्हीच खायची. बाकीच्या उठायच्या. पोटासाठी उठायच्या, त्यांना मी नावं ठेवत नाही. मी मात्र बसल्या जागी "नमस्कार" म्हणायची आणि पुढची कॉलर ओढायची.

चौथ्या दिवशी तो माझ्यापाशी थांबला. "बाई, नमस्काराचा अर्थ तरी ठाऊक आहे का? नम् म्हणजे वाकणं. शब्दातच आहे ते."

माझे वडील शाळामास्तर. माझ्यापुढे हा व्याकरण पाजळतोय.

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "सकाळी आठपासून मी इथे वाकलेलीच आहे, साहेब. आणखी वाकले तर नाक सुईखाली येईल."

शेजारची बटणवाली फिस्सकन हसली आणि तिथेच सगळं बिनसलं.

"उद्यापासून यायचं नाही," तो म्हणाला. "उठा, निघा."

घाबरले मी, खोटं कशाला सांगू. नवरा घरी बसलेला, चूल माझ्याच पगारावर पेटते. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. हातातली कॉलर पुरी केली, दोरा तोडला, डबा पिशवीत टाकला.

"येते," मी म्हटलं.

"येते नाही. जाते म्हणा."

सगळ्या मशीन थांबल्या. लहानपणी शाळेला निघताना एकदा 'जाते' म्हणाले, तर आईने दारातून माघारी बोलावलं होतं.

"जाते कुणी म्हणत नाही, साहेब. माणसाने परत यावं म्हणून येते म्हणतात. अर्थाचं तुम्हीच काढलंत."

दुसऱ्या दिवशी आठला मी माझ्या मशीनवर होते. तो आत आला. चाळीस बायका, पण एकही उठली नाही. तो तडक माझ्याकडे आला.

"तुम्ही कशाला आलात?"

"सांगून गेले होते की," मी म्हटलं, आणि कॉलर सुईखाली सरकवली.