बाळंतिणीची धुरी

"माझ्या घरात बाळंतीण कण्हली असं कुणी ऐकलं ना, तर मी त्याची बकरी होऊन चरायला जाईन," मादिपुओ शेजारणीला म्हणाली. "आमच्या आज्या-पणज्यांनी गांज्याचा काढा पिऊन बाळंतपणं काढली. लेक येऊ दे इस्पितळातून. एक वाटी पाजली की दुखणं गुमान कोपऱ्यात बसेल."

"झाडं आहेत ना अजून?" मात्सेपोनं विचारलं.

"मक्यापेक्षा उंच आहेत, बाई!"

लेक दिपुओ पोटावर टाके घेऊन ज्या सकाळी घरी आली, त्याच सकाळी झाडं गेली. खाली दरीत औषधासाठी गांजा पिकवणाऱ्या कंपनीचा रखवालदार आणि एक पोलीस परसात शिरले आणि मुळासकट उपटून मोकळे झाले.

"म्मे, राग नको," रखवालदार टोपी काढून म्हणाला. आईच्या वयाच्या बाईशी बोलायची रीत त्यानं सोडली नव्हती. "खाली कंपनीच्या काचघरात सगळ्या माद्या आहेत. तुमच्या नर झाडांचा पराग वाऱ्यानं जातो आणि त्यांना बी धरतं. माल नासतो."

"म्हणजे कंपनीच्या पोरींची अब्रू राखायला माझ्या पोरीचं औषध उपटलं?"

"कंपनीकडे परवाना आहे, म्मे. तुमच्याकडे नाही."

यावर मादिपुओ जे बोलली ते पोलिसानं ऐकलं नाही असं दाखवलं.

दारावरच्या गवती छपरात बोरूचा एक दांडा खोचला होता. लेसोथोच्या डोंगरात हा बोरू दिसला की आत बाळंतीण आहे हे पोराबाळांनाही कळतं. मग पुरुषानं आत यायचं नाही, वाट तुडवून आलेल्या कुणीच यायचं नाही. चाललेले पाय तापलेले असतात, त्यांची झळ बाळाला लागते. दवाखान्यातले ब्रदर लेबिना, ज्यांना सगळं गाव मानानं न्ताते, म्हणजे बाबा, म्हणायचं, घोड्यावरून आले आणि अंगणातच थांबले. शिकलेला माणूस, पण त्यांनाही आई होती आणि ती अजून जिवंत होती.

"अंग तापलंय का?" त्यांनी लांबूनच ओरडून विचारलं.

"बाळंतिणीचं अंग तापणारच, न्ताते! ती काय बर्फ आहे?"

"पोट कसं आहे?"

"जागेवर आहे!"

आतून दिपुओचं कण्हणं येत होतं. इस्पितळातल्या गोळ्यांचा गुण एवढाच, की त्या पांढऱ्या होत्या.

"दुखण्यावर तेल निघतं म्हणे खाली," मादिपुओ म्हणाली. "गांज्याचंच. कायदेशीर."

"निघतं की. खास बाळंतिणींसाठी. डब्यावर बाईचा आणि बाळाचा फोटो आहे."

"मग लिहून द्या!"

"ते जर्मनीतल्या बाळंतिणींसाठी आहे, म्मे. इथं विकायचा परवाना नाही." लेबिनांनी लगाम ओढला. "पोट कडक झालं तर मला लगेच बोलवा. विसरू नका."

दिपुओनं आंबील तोंडाला लावायचं सोडलं. बाळाला जवळ घेतलं की तिचे ओठ पांढरे पडायचे.

गावातली झाडं उपटली, पण उपटण्याआधीच त्यांचा पराग खाली जाऊन आपलं काम करून आला होता. एका काचघरातली झाडंच्या झाडं बियांनी भरली. नासलेला माल पोलिसांसमोर जाळायचा, असा कायदा. भर दुपारी दरीत ढीग पेटला आणि वारा डोंगराकडे वळला.

मादिपुओनं नाक वर केलं. मग धावत जाऊन दारावरची घोंगडी ओढून काढली, खिडकीचा बोळा उपसला आणि सुपानं धूर आत घालायला लागली.

"अगं, हे काय करतेस?" मात्सेपो कुंपणावरून ओरडली.

"बाळाला पदराखाली घे आणि तुझ्या घरी ने! लेकीला धुरी देतेय. धुराला कुठं परवाना लागतो?"

तासाभरात गावाचा रंग पालटला. बकऱ्या आडव्या झाल्या. मुखियांनी एका कोंबड्याची माफी मागितली. खाली आगीशेजारी पहाऱ्याचे पोलीस एकमेकांच्या टोप्या घालून रडेपर्यंत हसत होते. आणि दिपुओचं कण्हणं थांबलं. तिनं डोळे उघडले, आईकडे बघून हसली आणि निजली.

"बघ!" मादिपुओ म्हणाली. "बघ, कशी झोपली!"

बाळाला आपल्या घरी निजवून परतलेली मात्सेपो हसत होती, धुरामुळे तिला थांबताच येईना. मादिपुओही हसत हसत लेकीचं पांघरूण नीट करायला वाकली आणि तिचा हात पोटाला लागला. पोट ढोलासारखं ताठ होतं. तव्यासारखं तापलं होतं. टाक्यांतून वास येत होता. दुखणं झोपलं होतं, पण ते ज्याच्यावर भुंकत होतं ते आत जागंच होतं.

मादिपुओ बाहेर आली आणि छपरातला बोरू तिनं स्वतःच्या हातानं उपटला.

"न्ताते लेबिनांना बोलवा! तापलेल्या पायांनी येऊ द्या!"

लेबिना आले, त्यांनी पांघरूण उचललं आणि परत ठेवलं. "जिल्ह्याच्या इस्पितळात. आत्ता. किती दिवस झाले हे?"

मादिपुओ लेकीला घोंगडीत गुंडाळायला लागली.

गावातून जाणारी गाडी एकच होती, कंपनीची. उरलेल्या काचघरांतला चांगला माल घेऊन विमानतळाकडे निघालेली. ड्रायव्हर भला माणूस. त्यानं खोकी सरकवली आणि दिपुओला, तिच्या आईला, बाळाला मागे जागा करून दिली. दिपुओ अजून शांत होती. आईनं तिला हाक मारली तेव्हा तिनं फक्त बोट हलवलं.

घाटाखालच्या नाक्यावर पोलिसांनी गाडी थांबवली. कुत्रा आत चढला आणि दिपुओच्या घोंगडीशी जाऊन बसला.

"हिच्या अंगाला गांज्याचा वास आहे," शिपाई म्हणाला.

"अहो, सगळी गाडीच गांज्यानं भरलीय!" मादिपुओ ओरडली.

"त्याला परवाना आहे."

ड्रायव्हरनं परवाना दाखवला. तो बरोबर होता. तिघांना खाली उतरवून बाकावर बसवलं, कुत्र्याला बिस्कीट दिलं आणि गाडी सोडली.

माल वेळेत विमानात चढला. दिपुओची झडती घ्यायला बाई शिपाई लागते. ती जेवायला गेली होती.