काऊन

चंद्रशेखर सरांचा मला राग येतो, हे आधीच सांगून टाकते. माझ्याकडून कुणी समजूतदारपणाची अपेक्षा करू नये.

मेहकरजवळच्या एका फार्मसी कॉलेजात मी एम. फार्म. करत होते. सर माझे गाइड, पुण्याचे. मी धामणगाव बढेची. पहिल्याच आठवड्यात अ‍ॅनिमल हाऊसमध्ये मी विचारलं, "सर, नळीतल्या उंदरायले आतल्या खोलीत काऊन ठेवायचं?" सरांनी हातातला किल्ल्यांचा जुडगा जवळच्या पिंजऱ्याच्या जाळीवर आपटला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काऊन? काऊन म्हणजे काय? कावळ्याची बहीण का?" आमच्या बोलीत काऊन म्हणजे 'का', एवढंच. सगळे फिदीफिदी हसले. तेव्हापासून माझं नावच काऊन पडलं. रोज सकाळी दार उघडलं की आधी जाळीवर किल्ल्या, मग "काय काऊन, आज काय दिवे लावले?"

माझा प्रयोग साधा होता. पांढऱ्या उंदरांचे दोन गट. एका गटाला रोज काही वेळ अरुंद नळीत कोंडायचं, म्हणजे ताण. दुसऱ्या गटाला काहीच करायचं नाही. मग दोघांना गढूळ पाण्याच्या टाकीत सोडायचं आणि पाण्याखाली दडवलेला पाट कुणाच्या लक्षात राहतो ते पाहायचं. ताणातले विसरणार, सुखातले लक्षात ठेवणार, असं पुस्तकं सांगतात.

माझे सुखातले उंदीरच जास्त विसरले. टाकीच्या कडेकडेने नुसते गरगर फिरत राहिले.

"आकडे मनाने लिहिलेस," सर म्हणाले. "मी सही करणार नाही. पुन्हा पहिल्यापासून कर, नाहीतर गावी जाऊन कापूस वेच."

माझ्या आईने कापूस वेचूनच मला इथवर आणलं होतं.

हॉस्टेलवर मैत्रीण सबीहाला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "तुह्ये सुखातले पिंजरे कुठं हायेत?"

"दाराशी. हवा येते म्हणून."

"हाव, पण दारातून हवेसंगं अजून कोण येते?"

मी कपाळावर हात मारला. नळीतले उंदीर सुटले की आतल्या खोलीत शांत झोपायचे. किल्ल्यांचा मार रोज दाराशी पडत होता, आणि ते दार मीच निवडलं होतं.

सही नव्हती, म्हणून मी प्राचार्यांकडे अर्ज केला, आणि तोंडी परीक्षेला नागपूरहून परीक्षक मॅडम आल्या. सरांनी आल्या आल्या सांगितलं, काम बोगस आहे. मी मॅडमना म्हटलं, एकदा पिंजऱ्यांपर्यंत चला. दाराशी उंदीर दाणे खात होते. मी "काऊन" म्हटलं. सोबत आलेल्या सबीहाने म्हटलं. उंदीर खातच राहिले.

"आता तुम्ही म्हणा," मॅडम सरांना म्हणाल्या.

"हा काय पोरखेळ आहे?" सर भडकले. "हिच्यासारखं काऊन काऊन करत बसू का मी?"

दाणे जागच्या जागी पडले. सगळे उंदीर एकमेकांच्या अंगावर चढत मागच्या कोपऱ्यात दडले. एक तर तिथेच मुतला.

"पाट विसरले, पण तुम्हाला नाही विसरले," मॅडम म्हणाल्या. "आकडे खरे आहेत. गटाचं नाव तेवढं चुकलंय." मग माझ्याकडे वळल्या. "मेंदूच्या कुठल्या भागावर हा परिणाम होतो, सांग."

झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं असं ते नाव. सर माझ्याकडे रोखून बघत होते. काही म्हणजे काही आठवेना. पाठीला गार लागलं म्हणून पाहिलं, तर मी सरकत सरकत भिंतीच्या कोपऱ्यात गेले होते.

मॅडमनी सरांना बाहेर थांबायला सांगितलं. दार लागलं.

"हिप्पोकॅम्पस," मी म्हटलं आणि रडायला लागले.

पदवी मिळाली. त्या दिवशी घरी फोन केला. पेढे वाटून दमलेली आई हसत म्हणाली, "काऊन वं माय, इतकी चूप काऊन?"

तिच्या तोंडचा हा शब्द मी जन्मापासून ऐकत आले होते. तरी माझा हात मागे भिंत चाचपू लागला. सही अडवली ते एक वेळ विसरेन, पण यासाठी त्या माणसाला मी कधीच माफ करणार नाही.