काट्यावर चढण्याआधीचा पेला

या, पुढे या. मागे भिंतीला टेकून काय बसता? गोष्ट लहान आहे, पण डुलक्या घेत ऐकण्यातली नाही. देव एकीच्या पोटात जीव घालतो आणि तिने काय खावं याची अक्कल मात्र गल्लीभर वाटून ठेवतो. अशाच एका बाईची ही कथा. जवळ बसा, सांगतो.

तिला सगळे पैलवानीण म्हणत. आईने ठेवलेलं नाव लग्नपत्रिकेपुरतं उरलं होतं. गादीवर उतरली की समोरची बाई उभी कमी आणि आडवी जास्त दिसायची. नवरा तिचा वस्ताद, म्हणजे कुस्ती शिकवणारा. दोघांनी कोवळ्या वयापासून एकाच तालमीत घाम गाळलेला, त्यामुळे गादीवर आणि स्वयंपाकघरात एकमेकांना अरे-तुरे, आणि सासूबाईंची चाहूल लागली की लगेच ‘अहो’.

कुस्तीत वजनाचे गट असतात. स्पर्धेच्या सकाळी काट्यावर उभं राहायचं. गटापेक्षा मूठभर जास्त भरलं की न लढताच घरी. म्हणून पैलवान मंडळी आदल्या दिवशी जेवण सोडतात, पाणी तोडतात, जाड स्वेटर चढवून घाम काढतात. वजन उतरतं, काटा खूश होतो, आणि मग पैलवान घटाघटा पाणी पिऊन माणसात येतो. या कलेत नवरा-बायको दोघंही पोहोचलेले. पैलवानीण गादीवर चार वेळा हरली असेल. काट्यावर? कधीच नाही.

पुढे देवाची कृपा झाली आणि घरात पाळण्याची बोलणी सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी कुस्ती बंद केली. पण सुटली ती कुस्ती, भूक कुठे सुटते? भूक पैलवानाची ती पैलवानाचीच राहिली. त्यात सासूबाई. माणूस लोण्यासारखं मऊ, आणि हातही लोण्याचाच.

“सूनबाई, दोन जिवांची आहेस. दोघांचं जेव.”

“आई, आतला अजून वांग्याएवढाही नाही.”

“म्हणूनच म्हणते, त्याला मोठा कर!”

आता या मायेपुढे कोणता डाव चालणार? ती जेवत गेली.

तपासणीला ती नेमाने जायची. वजन, रक्तदाब, लघवीची तपासणी, पोटावर यंत्र लावून बाळाचे ठोके. सातव्या महिन्याच्या सुरुवातीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बाकी सगळं छान आहे. वजन मात्र या खेपेला जरा भराभर वाढलंय. साखरेची तपासणी करून घेऊ आणि खाण्याकडे थोडं लक्ष देऊ. घाबरायचं काही नाही.”

किती साधं वाक्य! पण कान पैलवानाचे होते. तिला त्यातलं एकच ऐकू आलं: गटाबाहेर.

घरी येऊन तिने वस्तादाला सांगितलं. वस्तादाने मिशीवर हात फिरवला. “एवढंच ना? वजन माझ्यावर सोड. वजन उतरवण्यात आपला हात कोण धरणार?”

“पोटात बाळ आहे रे.”

“बाळाचं कोण उतरवतंय? तुझं उतरवू.”

आता हसू येतं. तेव्हा दोघांनाही ते शहाणपण वाटलं. प्रेमाने केलेली चूक अशीच असते, ती चुकीसारखी दिसतच नाही. साखरेची तपासणी चांगली आली, तशी यांची हिंमत आणखी वाढली. पुढच्या तपासणीच्या आदल्या दुपारी तिने ताट परत केलं. पाण्याचा तांब्या वस्तादाने उचलून फडताळावर ठेवला. अंगात दोन स्वेटर घालून ती जिना चढ-उतार करू लागली, आणि हा खाली टॉवेल घेऊन उभा, जणू उद्या अंतिम लढतच आहे. सासूबाई बहिणीकडे मुक्कामाला गेल्या होत्या, म्हणून बरं. नाहीतर लेकाची चांगलीच खरडपट्टी निघाली असती.

सकाळी दवाखान्यात काट्यावर उभी राहिली. काटा खाली! वस्तादाने दारातूनच अंगठा दाखवला. पण पैलवानिणीच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं तेज काही येईना. तिचं लक्ष काट्याकडे नव्हतंच. रोज सकाळी न्याहारी झाली की पोटातला पठ्ठ्या दोन-चार लाथा हाणायचा. आज न्याहारी नव्हती आणि लाथही नव्हती. बाकावर बसून तिने पोटावर हात ठेवला. काहीच नाही. हात थोडा खाली सरकवला. काही नाही. तोंडचं पाणी तर कालच पळालं होतं, आता धीरही पळाला. मनातल्या मनात ती देवाचं नाव घेऊ लागली, आणि त्या नावाच्या मधेमधे म्हणत होती, एकदा हल रे राजा, एकदाच.

सांगावं, तर सगळं कबूल करावं लागणार. झाकावं, तर आत काय चाललंय ते कोणाला कळणार? काट्याला फसवता येतं. पोटातल्याला कसं फसवायचं?

तेवढ्यात वजन घेणाऱ्या सिस्टर जवळ आल्या. वयाने थोराड, आवाज हळू. त्यांनी वजनाबद्दल एक शब्द काढला नाही. तिच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं आणि विचारलं, “बाळ, सकाळी काय खाल्लंस?”

बस, एवढंच. कोणी ‘का गं’ म्हटलं असतं तर पैलवानीण ताठ राहिली असती. ‘काय खाल्लंस’ म्हटल्यावर बांध फुटला.

“काही नाही, सिस्टर. काल दुपारपासून काही नाही. पाणीसुद्धा नाही. वजन उतरवलं मी. आणि सकाळपासून बाळ हललं नाही.”

सिस्टरांनी कपाळाला हात लावला नाही की आवाज चढवला नाही. हाताला धरून सरळ आत नेलं, डाव्या कुशीवर निजवलं आणि डॉक्टरीणबाईंना हाक मारली. पोटावर यंत्र टेकलं. आधी नुसती खरखर. वस्ताद दाराशी उभा, हातातला टॉवेल पिळून पिळून त्याची दोरी केलेली. आणि मग आला तो आवाज. टपटप टपटप, भरधाव घोड्यासारखा. टाळ-मृदंग फार ऐकले असतील त्या दोघांनी, पण कुठलाच ठेका जन्मात इतका गोड लागला नव्हता. वस्तादाने पिळलेला टॉवेल उलगडून तोंडावर धरला.

“ठोके उत्तम आहेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण लघवीच्या तपासणीत उपास दिसतोय आणि रक्तदाब उतरलाय. सिस्टर, पाणी द्या, काहीतरी खायला द्या. मग ठोक्यांचा आलेख काढू. हालचाल नीट झाल्याशिवाय हिला सोडायचं नाही.”

पाणी आलं, केळं आलं, दूध आलं. सिस्टर चमच्या-चमच्याने भरवावं तसं बोलल्या, “ऐक. हा काटा पंच नाही. इथे कोणी बाद होत नाही. तुझं वजन वाढणारच, वाढायलाच हवं. त्यात बाळ आहे, बाळाची वार आहे, त्याच्याभोवतीचं पाणी आहे, तुझं वाढलेलं रक्त आहे. फार भराभर वाढलं तर का, ते आम्हाला बघायचं असतं. एकदम सूज आली तर तेही या काट्यावरच कळतं. तू काटा फसवलास तर आम्ही आंधळे. मग तुला सांभाळायचं कसं?”

“आणि पुन्हा कधी बाळ हललं नाहीसं वाटलं,” डॉक्टरीणबाईंनी जोडलं, “तर बाकावर बसून राहायचं नाही. तपासणीची वाटही बघायची नाही. तडक यायचं.”

पैलवानीण काही बोलणार, तोच पोटात धाडकन लाथ बसली. अशी की केळं हातातून सुटलं.

“बघ,” सिस्टर म्हणाल्या, “न्याहारी मिळाली, आता भांडायला उठलाय.”

पुढचं काम काही फार अवघड नव्हतं. पैलवानाला शिस्त शिकवावी लागते थोडीच! फक्त त्या शिस्तीचं तोंड फिरवायचं होतं. सिस्टरांनी समजावलं: उपास नाही, तडस लागेतो जेवणही नाही, वेळच्या वेळी थोडं थोडं. डाळ, अंडी, हिरवी भाजी, फळ. गोडाला हात आखडता. रोज मोकळ्या हवेत चालणं. वस्तादाने मान खाली घालून सगळं ऐकलं आणि विचारलं, “आणि मी काय करू?”

“तू? तू तिच्याबरोबर चाल. टॉवेल घरी ठेव.”

सासूबाईंना कळलं तेव्हा त्यांनी आधी लेकाचा कान पिळला आणि मग मुकाट्याने लोण्याचं भांडं वरच्या फळीवर नेऊन ठेवलं. “अगं, पण दोघांसाठी जेवायचं नाही, तर मग करायचं काय?”

“दोघांसाठी चांगलं जेवायचं, आई. जास्त नाही.”

“मग तसं सांगा की! निवडून-टिपून करायला मी काय मागे आहे?” आणि खरोखरच नव्हत्या. संध्याकाळी सून आणि लेक फिरायला निघाले की त्याही चपला शोधू लागल्या. परतताना सगळ्यांच्या पुढे त्याच.

पुढच्या तपासणीचा दिवस उजाडला. पैलवानीण पोटभर न्याहारी करून आली. रांगेत तिचा नंबर आला, काटा समोर. वजन थोडं वाढलेलंच असणार, हे तिला ठाऊक होतं. ती थांबली, कोपऱ्यातल्या माठाकडे गेली, पेला काठोकाठ भरला आणि काट्याच्या अगदी पुढ्यात उभी राहून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. पैलवानाने काट्यापुढे पाणी पिणं म्हणजे काय, ते पैलवानालाच विचारा. दारात वस्तादाचे डोळे भरून आले.

मग ती काट्यावर चढली. पाठ ताठ, नजर समोर.

“भरलं जितकं भरायला हवं तितकं,” सिस्टर म्हणाल्या आणि कार्डावर आकडा लिहिला. “पाण्यासकट.”

“पाण्यासकट,” ती हसून म्हणाली. आतून लाथ आली, म्हणजे तिसऱ्याचंही अनुमोदन.

दिवस भरल्यावर मुलगी झाली. ठणठणीत, आणि आवाज असा की तालमीपर्यंत जावा. पहिल्यांदा वजन करायला घेतलं तेव्हा वस्ताद पुढे झुकून म्हणाला, “सिस्टर, थांबा, आधी तिला पोटभर पिऊ द्या!” सगळी खोली हसली.

गोष्ट इथे संपली, मंडळी. देव सगळ्यांच्या लेकी-सुनांना सुखरूप मोकळं करो. पण माझं एक मागणं आहे. उद्या तुमच्या घरातली कोणी दोन जिवांची होऊन अशा काट्यापुढे उभी राहील, आणि तिला सल्ला द्यायला तुमची जीभ वळवळेल. तेव्हा क्षणभर त्या सिस्टरांची आठवण ठेवा, ज्यांनी आकडा वाचण्याआधी ओठ वाचले आणि हळूच विचारलं, बाळ, सकाळी काय खाल्लंस?