स्थिती क्रमांक दोन

आमची गाडी पेटली नाही. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. नुकसान झालं ते एका सीटच्या जागेचं, आणि ते माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने झालं.

पण अजून तसं काही झालेलं नाही. ज्या रविवारी ते होईल त्याला अजून तीन आठवडे आहेत. बाबा पाण्याच्या टाकीपलीकडच्या मैदानात गाडीत बसलेत आणि मी ऑफिसात लोकांना फोन करतोय.

मी गाड्यांच्या कंपनीत परत बोलावणी कक्षात आहे. आमच्या एका विजेवरच्या गाडीच्या बॅटरीत खोट निघाली. आत दोन थरांच्या मध्ये एक पातळ पडदा असतो, तो काही गाड्यांत बसवतानाच दुमडला गेलाय, आणि त्यामुळे बॅटरी पेटू शकते. म्हणून सगळ्या गाड्या परत बोलवायच्या आणि बॅटरी बदलून द्यायची. बदलायचं काम वर्कशॉपचं, बोलवायचं आमचं. समोर छापील मजकूर असतो. पहिली ओळ, 'घाबरण्याचं काहीही कारण नाही.' दुसरी ओळ, 'गाडी घरापासून पंधरा मीटर लांब लावा.' दोन्ही ओळी एका दमात म्हणायच्या, अशी आमच्या प्रमुख बाईंची ताकीद. मध्ये श्वास घेतला की समोरच्याला विचार करायला वेळ मिळतो.

"म्हणजे काळजी करू की नको?" लोक विचारतात.

"करा. पण घाबरू नका."

"आणि पेटली तर आधी तुम्हाला कळवायचं की अग्निशामक दलाला?"

"आधी त्यांना. आम्ही साडेनऊला उघडतो."

एका आजोबांनी विचारलं, पंधरा मीटरवर शेजाऱ्यांचं घर येतं, तिथे लावली तर चालेल का. मी विचारलं, शेजारी कसे आहेत. ते म्हणाले, लावतो.

तसे आकडे वाईट नव्हते. अठ्ठावीस हजार गाड्यांपैकी नऊ पेटल्या होत्या, आणि त्या नऊंत कुणी बसलेलं नव्हतं. मी लोकांना सांगायचो की याहून जिन्यावरून पडायची शक्यता जास्त. एक बाई म्हणाल्या, "पण जिना मी रात्रभर चार्जिंगला लावून झोपत नाही." तेव्हापासून मी जिना बंद केला.

यादीत सहाशे बारावं नाव बाबांचं होतं. फोन रेकॉर्ड होतात, त्यामुळे घरच्या माणसालाही मजकूर वाचूनच दाखवावा लागतो.

"नमस्कार. मी परत बोलावणी कक्षातून बोलतोय. आपण वाहनमालकच बोलताय ना?"

"सर्दी झालीय का तुला?"

"साहेब, हा फोन रेकॉर्ड होतोय."

"होऊ दे. संध्याकाळी वाफ घे."

"आपल्या वाहनाचं बोलावणं आलेलं आहे."

मजकुरात तसंच होतं. मुख्य कार्यालयात कुणीतरी तो मराठीत आणला होता, आणि त्याला 'बोलावणं' हा शब्द आवडला असावा.

"हे तुझ्या आईच्या वेळी पण सगळे म्हणत होते," बाबा म्हणाले. "बोलावणं आलं, बोलावणं आलं. मी प्रत्येकाला विचारलं, कुणी बोलावलं, नंबर द्या, मी बोलतो. एकाकडे नव्हता. आता यावेळी निदान बोलावणारा माझ्या ओळखीचा आहे, म्हणून सांगतो. येत नाही."

"साहेब, गाडी यायचीय. आपण नाही."

"तेच म्हणतोय मी."

त्यांनी फोन ठेवला. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'मालक विचार करून कळवतो म्हणाले.'

आई चौदा महिन्यांपूर्वी गेली. सकाळी बेसिनपाशी उभी होती, खाली बसली, आणि चार दिवसांत आटोपलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आम्हाला घाबरण्याचं काहीही कारण नाही असं सांगण्यात आलं होतं. त्यामुळे आमच्या मजकुराच्या पहिल्या ओळीबद्दल बाबांचं मत आधीच तयार होतं.

पण गाडी न द्यायचं कारण ते नव्हतं. कारण सीट होती.

आई चोपन्नाव्या वर्षी गाडी शिकली. उंची चार फूट नऊ इंच. आमच्या गाडीत चालकाची सीट माणूस लक्षात ठेवते. दारावर दोन बटणं आहेत. एक दाबलं की सीट मागे जाते, खाली जाते, जवळजवळ आडवी होते. हे बाबा. दोन दाबलं की ती घरघर करत पुढे येते, वर उचलली जाते, आणि दोन्हीकडचे आरसे मान खाली घालतात. ही आई. दोन नंबर जुळवायला आईला महिना लागला होता. एक सूत पुढे, नको, अर्धं सूत मागे, पाठ जरा उठव. बाबा बाहेर उन्हात उभे राहून म्हणायचे, "आपलं लग्न ठरवायला इतका वेळ लागला नव्हता."

"तेव्हा मला बटणं दिली नव्हती," आई आतून म्हणायची.

एकदा जुळल्यावर मात्र तिने त्या सीटला कुणाला हात लावू दिला नाही. मी गमतीत एकदा बसायला गेलो तर म्हणाली, "ऊठ. वाकडी होईल."

ती गेल्यावर बाबा रोज सकाळी खाली जायला लागले. मला वाटायचं फिरायला जातात. एकदा चावी विसरले म्हणून मी मागे गेलो, तर चावी त्यांच्याकडेच होती. चालकाचं दार उघडून त्यांनी दोन दाबलं, वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसले, आणि दार लावून घेतलं. चालकाची सीट पुढे आली, वर झाली आणि थांबली. तिच्यावर अर्थातच कुणी नव्हतं. आई दिसत नव्हती, पण आई केवढी होती ते दिसत होतं. बाबा हात मांडीवर ठेवून समोर बघत होते, जसे ती चालवताना बघायचे, न बोलता, पाय मात्र ब्रेकवर असल्यासारखा दाबून.

मी काचेवर टकटक केली. "काय करताय?"

"हवा तपासतोय."

"आत बसून?"

"आतली."

बोलावणं आल्यावर इमारतीचे सेक्रेटरी वर आले. आमची गाडी त्यांच्या खोलीच्या बरोबर खाली उभी असायची आणि त्या खोलीत त्यांची आठ महिन्यांची नात झोपायची. ते बिचारे भांडायची तयारी करून आले होते. बाबांनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. चप्पल घातली, खाली उतरले आणि गाडी टाकीपलीकडच्या मैदानात नेऊन उभी केली. पंधरा मीटर सांगितलं होतं, बाबांनी चाळीस पावलं मोजली आणि वर पाच टाकली. कुणाचं पोर भाजावं अशी त्यांची मुळीच इच्छा नव्हती. फक्त रोज सकाळी ते स्वतः त्याच गाडीत जाऊन बसायचे.

"बाबा, नऊ गाड्या पेटल्यात."

"त्यांत कुणी नव्हतं, तूच सांगितलंस."

"तुम्ही दहावे व्हाल."

"दहावा कसा? पहिला."

ऑफिसात बसून मी अनोळखी लोकांना ऐंशी टक्क्यांच्या वर चार्ज करू नका असं समजावत होतो, आणि दर दहा मिनिटांनी घरच्या दिशेला धूर दिसतो का ते बघत होतो. खिडकी घराच्या उलट बाजूला होती. तरी बघत होतो.

शेवटी वर्कशॉपात मिस्त्रीला विचारलं, बॅटरी बदलली तर सीटच्या लक्षात काय राहतं. त्याने हात पुसत पुसत सांगितलं, "बॅटरी बदलली की गाडीचं डोकं कोरं. घड्याळ, रेडिओ, सीट, सगळं पहिल्यापासून."

"वाचवता येणार नाही?"

"मोजून घे की. पेडलपासून किती, जमिनीपासून किती, पाठ किती कलती. नवीन बॅटरी बसली की तेवढ्यावर आणून ठेवू. सीटच आहे, पळून जाते का?"

बाबांनी दोन दिवस घेतले. मग म्हणाले, "मिलिमीटरमध्ये मोजायचं."

"मिलिमीटरमध्ये."

"आणि पाठीला गवंड्याची पाणसळ लावायची, कल कळायला."

तो रविवार आता आलाच आहे, काही इलाज नाही.

सकाळी बाबांनी गाडी मैदानाच्या खडबडीत भागातून काढून टाकीजवळच्या फरशीवर आणली, म्हणजे माप सरळ येईल. चालवत आणली म्हणून सीट त्यांच्या जागेवर होती, मागे आणि खाली. ते उतरून शेजारच्या सीटवर बसले, मांडीवर वही, हातात पेन. वहीत त्यांनी आधीच रकाने आखून ठेवले होते. मी चालकाच्या दारातून आत वाकलो. गळ्यात नवी टेप, खिशात उसनी आणलेली पाणसळ.

"दाब दोन," बाबा म्हणाले.

बटण माझ्या कोपराशी होतं. पण मला वाटलं, आजचं काम मोलाचं आहे, ते रीतसर व्हावं. म्हणून मी स्टिअरिंगशेजारच्या टचस्क्रीनच्या पडद्यावर गेलो. तिथे सीटचं चित्र आलं, खाली लिहिलेलं, 'स्थिती क्रमांक दोन', आणि त्याखाली दोन चौकटी. एकीत 'जतन करा'. दुसरीत 'परत बोलवा'.

मी दिवसातून ऐंशी वेळा परत बोलावतो. परत बोलावणं म्हणजे काय ते माझ्याइतकं कुणाला माहीत असेल? परत बोलावलं की वस्तू दारातून जाते, आणि येते तेव्हा तिचं डोकं कोरं असतं. तेच होऊ नये म्हणून तर आम्ही टेप घेऊन आलो होतो. आणि शेजारी इतका चांगला शब्द होता.

मी 'जतन करा' दाबलं.

टिंग असा आवाज झाला. मोठा नाही, सभ्य. पडद्यावर अक्षरं आली, 'स्थिती क्रमांक दोन जतन झाली. धन्यवाद.'

सीट हलली नाही.

"मोटर अडकली असेल," बाबा म्हणाले. ते उतरले, वळसा घालून आले, मला बाजूला केलं आणि रोजच्यासारखं हलकेच दारावरचं दोन दाबलं. सीट हलली नाही. एक दाबलं. सीट हलली नाही. परत दोन. परत एक. मग बराच वेळ ते त्या बटणांवर बोट ठेवून उभे राहिले.

"दोन्हीकडे मीच आहे," ते म्हणाले.

मी त्यांना समजावून सांगितलं, की सीट आत्ता होती ती त्यांचीच जागा आता दोन नंबरला बसलीय. कंपनीच्या माणसासारखं, एका दमात. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे परत बोलवा म्हटलं असतं, तर ती आली असती."

"हो."

"आणि तुला वाटलं, जाईल."

"हो."

"तुमच्या ऑफिसात मराठी कोण लिहितं रे?" बाबा म्हणाले, आणि पुन्हा शेजारच्या सीटवर जाऊन बसले. वही उघडीच होती. "चल. हाताने लावू. मला पाठ आहे."

मी बटणं दाबत गेलो आणि ते सांगत गेले.

"पुढे. अजून. तिची कोपरं वाकलेली असायची."

"किती?"

त्यांनी स्वतःचं कोपर वाकवून दाखवलं, मग त्याच्याकडेच बघत राहिले. "वर घे. इतकं नको, इतकी उंच नव्हती."

"सीटबद्दल बोलताय ना?"

"मला माहीत नाही कशाबद्दल. तू खाली घे."

सात जागा झाल्या. सातही ठिकाणी कुणीतरी बुटकी बाई सहज बसली असती. आई एकीतही नव्हती. आठव्या वेळी बाबांनी डोळे मिटले.

"पाठ सरळ होती, की जरा मागे?"

मी म्हटलं सरळ. ते म्हणाले जरा मागे. मग ते म्हणाले, सरळ असेल. मग मला वाटायला लागलं की जरा मागे. आम्ही दोघं कधी तिच्या जागेत बसलोच नव्हतो, तिने बसू दिलं नव्हतं. आणि गाडी लक्षात ठेवत होती म्हणून आम्ही कुणी ठेवलं नव्हतं. बत्तीस वर्षांचा संसार, माझं अख्खं आयुष्य, आणि तिची पाठ कशी असायची हे आम्हाला एका मोटारीला विचारावं लागत होतं.

बाबांनी पेनाला टोपण लावलं. रकाने कोरे होते. त्यांनी चावी काढून माझ्या हातात दिली.

"घेऊन जा. आता आत कुणी नाही."

बॅटरी दोन दिवसांत बदलून मिळाली. वाहन सुरक्षित असल्याचा दाखला आला. सेक्रेटरींनी इमारतीखालची जागा परत दिली, बाबांचा हात हातात घेऊन त्यांचे आभार मानले, नातीलाही खाली आणलं. बाबांनी तिचं कौतुक केलं. गाडीकडे ते गेले नाहीत. हल्ली खरोखरच फिरायला जातात.

काम पूर्ण झालं की मालकाला आमचा एक फॉर्म भरून द्यावा लागतो. त्यात शेवटी 'तक्रार अथवा विनंती, असल्यास' अशा सात ओळी असतात. कुणी भरत नाही. बाबांनी भरल्या, जागा पुरली नाही म्हणून कागद जोडला, आणि सोमवारी मी डबा घेऊन निघताना तो माझ्या हातात दिला. "तुझंच खातं आहे," म्हणाले. "आवक नंबर टाकून घे." मी टाकून घेतला.

महोदय,

उपरोक्त वाहनाची बॅटरी बदलून मिळाली, त्याबद्दल काही म्हणणे नाही. वाहन आता पेटणार नाही असे कळते. तथापि सदर वाहनात स्थिती क्रमांक दोन या नावाने एक जागा होती, ती आता मिळून येत नाही. तिची उंची, अंतर व पाठीचा कल यांची नोंद अर्जदाराकडे नाही, कारण संबंधित व्यक्ती हयातीत कोणास हात लावू देत नसे. झालेली चूक घरातील माणसाकडून, चांगल्या हेतूने झालेली असून त्याबद्दल त्याच्यावर कारवाई करू नये, व त्यास रोज विचारूही नये. आपल्या खात्यास परत बोलावण्याचा अनुभव आहे. तरी सदर स्थिती सध्या जेथे असेल तेथून तिला परत बोलावण्यात यावे, व त्यासाठी लागेल तेवढा अवधी घेण्यात यावा, अर्जदार घरीच असतो, ही नम्र विनंती.