खळ दिलेली रॅकेट

टेनिसमधली विदर्भाची ज्युनियर चॅम्पियन चारुशीला! पण ऑगस्टात अठरा पूर्ण, की ज्युनियरचे कप बंद. पुढे दोनच रस्ते: मुंबईची व्यावसायिक टीम, नाहीतर जरीपटका वस्तीतला टायपिंग क्लास. त्या रविवारी निवड करायला मुंबईहून मधुकरराव आले होते आणि त्यांना एकच मुलगी हवी होती. जबलपूरहून प्रेमिलाही आली होती, आणि तिची सर्व्हिस म्हणजे बापरे!

सकाळी चारुशीला रॅकेट घ्यायला अंगणात गेली आणि किंचाळलीच. रॅकेटची जाळी पांढरीफट्ट, कडक, वरून भाताचा वास. शेजारची शेळी ती मन लावून चाटत होती.

"बाबा! हे काय करून ठेवलं?"

जागेश्वर मागावरून उठलेही नाहीत. अख्खा जन्म लुगडी विणण्यात गेलेला माणूस! "भाताच्या पेजेची खळ दिली वं. उभे धागे, आडवे धागे... खळ दिल्याशिवाय टिकते का?"

"अहो, हे लुगडं नाही ना!"

"म्हणूनच तं पातळ दिली."

दुसरी रॅकेट होती कुठे? शेळीकडून तीच ओढून घेतली आणि चारुशीला पळाली.

समोर प्रेमिला. पहिला फटका चारुशीलाने जीव खाऊन मारला. आवाज आला, भद्द! चेंडू नेटपर्यंतही गेला नाही. दुसरा, भद्द! बघता बघता शून्य-पाच. मधुकरराव वहीत काहीतरी खोडत होते. तिच्या कानात टाइपरायटर वाजू लागला, टकटक टकटक.

"मारून काहून राहिली वं?" माग सोडून मागोमाग आलेले जागेश्वर कुंपणापलीकडून ओरडले. "हळू ठेव ना!"

हळू? बरं! ती धावत नेटजवळ गेली आणि चेंडू मारलाच नाही, पोळपाटावर कणकेचा गोळा ठेवावा तसा पलीकडे ठेवला. तो पडला आणि तिथेच बसला. प्रेमिला मागून धावत आली, घसरली, बसकण मारली.

"अरे, ये गेंद उछलती क्यों नहीं?"

उछलणार कशी? बिचारी सात गेम धावली, सातही वेळा चेंडू तिच्याआधी आराम करायला बसलेला. सात-पाच!

मधुकररावांनी रॅकेट हातात घेतली, हुंगली. "कोणत्या कंपनीची?"

"माह्या घरची साहेब!" जागेश्वर कुंपणावर चढलेच. "तुमच्या टीमच्या बी आणा, देतो करून!"

मधुकरराव उचकी लागेपर्यंत हसले. "शून्य-पाचवर खेळ बदलते ती पोरगी मला पाहिजे. पण रॅकेट आम्ही देऊ. कृपा करा."

शुक्रवारी मुंबईची गाडी सुटताना जागेश्वरांनी खिडकीतून एक डबा आत सरकवला. डोळे भरलेले, पण तोंडाने म्हणतात, "रडू नको वं."

चिवडाच असणार! गाडी वर्ध्यापर्यंत पोचायच्या आत तिने झाकण उघडलं.

आत खळ होती. काठोकाठ.